‘नको’ची वही

आमच्या घरात दखनी बोलतात. लहानपणी अम्मीनं ताटात भात वाढायला हात पुढे केला की आम्ही ओरडायचो, ‘नक्को’! उत्तरेकडचे पाहुणे आले की या शब्दाला हसत. त्यांच्या लखनौ-दिल्लीच्या उर्दूत तो नाही. तो दखनीनं मराठीकडून घेतला आणि घेताना त्यातल्या ‘क’वर जरा जोर दिला, इतकंच. पुढे मी बी.ए.ला मराठी घेतलं, कविता मराठीत लिहू लागलो, तेव्हा लक्षात आलं की या भाषेत नकाराचे तीन निरनिराळे शब्द आहेत. ‘चहा नाही’ म्हणजे घरात चहा शिल्लक नाही. ‘हा चहा नव्हे’ म्हणजे कपात भलतंच काहीतरी आहे. आणि ‘चहा नको’ म्हणजे चहा आहे, चांगलाही असेल, पण मला घ्यायचा नाही. पहिले दोन शब्द जगाबद्दल बोलतात, तिसरा माझ्या मर्जीबद्दल.

आज मी या तिसऱ्या शब्दाबद्दल बोलणार आहे. पण कवितेतल्या नव्हे, संगणकातल्या ‘नको’बद्दल. बँका, दुकानं, संस्था आपल्याला ई-मेल पाठवतात आणि त्याच्या तळाशी बारीक अक्षरात ‘अनसबस्क्राइब’ असा शब्द असतो. तो दाबला की पत्रं थांबतात, अशी आपली समजूत. कधी थांबतात, कधी थांबत नाहीत. का थांबत नाहीत, हे मला एका चुकीमुळे कळलं, आणि ती चूक माझीच होती.

आमच्या तालुक्याच्या गावातलं वाचनालय जुनं आहे. सभासदांच्या नोंदी जाड पुठ्ठ्याच्या, कापडी पाठीच्या वह्यांत असत. कुणी सभासदत्व सोडलं की ग्रंथपाल त्या नावावर तांबड्या शाईनं आडवी रेघ मारत आणि समासात कारण लिहीत. ‘बदली’, ‘मयत’, ‘पुस्तक हरवले, रक्कम भरली’. एका नावापुढे तर ‘रागावून गेले’ अशी नोंद मी स्वतः वाचली आहे. रेघ मारलेली असली तरी खालचं नाव वाचता येई.

२०१६ साली या वह्या संगणकावर आल्या. गावातली एक मुलगी पुण्याला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते. दिवाळीच्या सुट्टीत येऊन तिनं सिव्हीसीआरएम नावाचं सॉफ्टवेअर बसवून दिलं. संस्थांच्या सभासदांची नोंद ठेवणारं हे खुलं आणि फुकट सॉफ्टवेअर २००५ साली पहिल्यांदा आलं आणि देशोदेशीच्या ना-नफा संस्था ते वापरतात. फुकट म्हटल्यावर आमच्या कार्यकारिणीनं फार चर्चा केली नाही. ते चालवायचं काम माझ्याकडे आलं, कारण मला मराठी टाइप करता येतं. सभासदांना वर्गणीची आठवण, नव्या पुस्तकांची यादी आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा आपोआप जाऊ लागल्या. शुभेच्छांचा मजकूर मीच लिहिला होता. त्यात ‘आपणांस उदंड आयुष्य लाभो’ असं वाक्य होतं.

आमच्या सभासदांत एक निवृत्त गुरुजी होते. माझ्या पहिल्या कवितांचं शुद्धलेखन त्यांनी तपासलं होतं. २०१८च्या पावसाळ्यात ते गेले. मातीला मी गेलो होतो. पण वाचनालयाच्या संगणकात ती नोंद करायची असते हे माझ्या डोक्यात आलं नाही. जानेवारी २०१९मध्ये गुरुजींच्या ई-मेलवर शुभेच्छा गेल्या. तो पत्ता मुलानं काढून दिलेला, घराचा एकच, आणि तो आता काकू पाहायच्या. त्यांचा फोन आला. रागावल्या नव्हत्या. एवढंच म्हणाल्या, ‘अरे, हे नको पाठवू आता.’

मी शरमलो. लगेच संगणक उघडला आणि गुरुजींची नोंद काढून टाकली. हे सॉफ्टवेअर काढलेली नोंद आधी कचऱ्याच्या डब्यात ठेवतं. मी तिथूनही ती कायमची पुसली. मला वाटलं, आता गुरुजींचं नावच इथे नाही म्हटल्यावर पत्र जाईल कसं? त्याच पावसाळ्यात ग्रंथपालांकडची सभासदांची जुनी एक्सेल यादी, काही नवी नावं जोडून, पुन्हा एकदा संगणकात भरली गेली. सॉफ्टवेअर अशा वेळी प्रत्येक नाव आणि पत्ता तपासून बघतं की हा माणूस आपल्याकडे आधीच आहे का. गुरुजी नव्हते. मीच पुसले होते. म्हणून त्यानं गुरुजींना नवा सभासद समजून सामावून घेतलं, जन्मतारखेसकट. जानेवारी २०२०मध्ये पुन्हा उदंड आयुष्य.

या वेळी काकू फोनवर थोडा वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, ‘मागच्या वर्षी तुला सांगितलं होतं ना रे, नको म्हणून?’

मी पुण्याच्या मुलीला फोन लावला. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, ‘चाचा, तुम्ही नाव पुसलंत म्हणून तर ते परत आलं. नको म्हणणाऱ्याचं नाव पुसायचं नसतं. ते नको म्हणाले, असं लिहून जपून ठेवायचं असतं.’

हे वाक्य माझ्या मनात घर करून बसलं. जो म्हणतो मला विसरा, त्याला विसरून चालत नाही! मग मला या नकाराच्या इतिहासाचाच नाद लागला. पाठवणाऱ्याला ‘नको’ म्हणायची सोय कधी झाली, ते पाळायची सक्ती कुणी केली, हे वाचत गेलो. ही गोष्ट ई-मेलच्या आधी टपालापासून सुरू होते आणि बरीचशी अमेरिकेत घडते, कारण नावांच्या याद्या करून घाऊक पत्रं टाकण्याचा धंदा तिथे फार आधीच बोकाळला होता.

१९६७ साली अमेरिकेच्या संसदेनं टपालाच्या कायद्यात एक तरतूद केली. अश्लील जाहिराती न मागता घरात येऊन पडत होत्या, त्यावरचा हा उपाय. घरच्या माणसानं टपाल खात्याला कळवायचं की अमक्याचा मजकूर मला कामोत्तेजक वाटतो. मग खातं त्या पाठवणाऱ्याला हुकूम देणार की या घरी पुन्हा काही पाठवू नकोस आणि तुझ्या सगळ्या याद्यांतून हे नाव काढ. आता मजकूर खरोखर तसा आहे का, हे कोण ठरवणार? तर फक्त तो घरचा माणूस. टपाल खात्यानंसुद्धा त्यात मत द्यायचं नाही. पाठवणारे कोर्टात गेले. आमच्या भाषणस्वातंत्र्याचं काय, असा त्यांचा सवाल होता. ‘रोवन विरुद्ध टपाल खातं’ या नावानं हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला आणि ४ मे १९७० रोजी सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी निकाल दिला. पाठवणाऱ्याचा हक्क दुसऱ्याच्या घराच्या हद्दीशी थांबतो, असा त्याचा आशय. न्यायालयानं तर इथपर्यंत म्हटलं की एखाद्याला साध्या कापडचोपडाच्या कॅटलॉगलाही या कलमाखाली मनाई करता येईल. नकाराचं कारण तपासायचं नाही, नकार पाळायचा. मला हा निकाल वाचून फार बरं वाटलं. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत ‘नको’ला एवढा मान नाही.

पण त्या कायद्याचं म्हणणं ‘नाव काढा’ एवढंच होतं, म्हणजे मी केलं तेच. घाऊक पत्रांच्या धंद्यात याद्या एकमेकांना भाड्यानं दिल्या जात. एका यादीतून काढलेलं नाव दुसऱ्या यादीतून पुन्हा यायला वेळ लागत नसे. शहाणपणाचं पाऊल त्या व्यापाऱ्यांच्याच संघटनेनं १९७१ साली टाकलं. तिनं ‘मेल प्रेफरन्स सर्व्हिस’ सुरू केली. ज्यांना जाहिरातीची पत्रं नको असतील त्यांनी आपलं नाव-पत्ता या सेवेला कळवायचा. ती यादी कंपन्यांना मिळणार, आणि पत्रं टाकण्यापूर्वी त्यांनी आपली यादी तिच्याशी ताडून बघायची. जुळलेली नावं गाळायची. यात उदारपणा होता तसा हिशेबही होता. नको म्हणणाऱ्याला पत्र टाकणं म्हणजे तिकिटाचे पैसे पाण्यात! पण माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं हे की इथे पहिल्यांदा ‘नको’ची स्वतंत्र वही झाली. यादीतून सुटण्यासाठी आणखी एका यादीत नाव घालायचं, हा तिढा तेव्हापासूनचा.

ई-मेलनं हे सगळं पुन्हा पहिल्यापासून शिकलं. मे १९७८मध्ये डिजिटल इक्विपमेंट या संगणक कंपनीच्या गॅरी थर्क नावाच्या विक्री अधिकाऱ्यानं अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावर, सुमारे ४०० जणांना एकच जाहिरात पाठवली. त्या जाळ्यावर तेव्हा सगळे मिळून २६००च्या आसपास लोक होते आणि त्यांचे पत्ते एका छापील पुस्तिकेत होते. पुस्तिकेतून बघून बघून एकेक पत्ता टाइप केला गेला. पत्ते इतके झाले की पत्त्याच्या रकान्यात मावेनात, उरलेले मजकुरातच सांडले. पत्र होतं कॅलिफोर्नियात भरणाऱ्या नव्या संगणकाच्या प्रात्यक्षिकाचं निमंत्रण. हे जाळं सरकारी कामासाठी आहे म्हणून कंपनीला तंबी मिळाली. पण मिळालेल्या माणसानं ‘नको’ म्हणायचं कुठे? तशी जागाच त्या पत्रात नव्हती.

ती जागा जाहिरातवाल्यांनी नाही, विद्यापीठातल्या लोकांनी तयार केली. बिटनेट नावाच्या जाळ्यावर प्राध्यापक आणि विद्यार्थी विषयवार टपालयाद्या चालवत. यादीत नाव घालायचं किंवा काढायचं तर यादी सांभाळणाऱ्या माणसाला पत्र लिहावं लागे. तो सुट्टीवर गेला की नावं तशीच पडून. १९८६ साली पॅरिसमधल्या एरिक थॉमस या विद्यार्थ्यानं लिस्टसर्व्ह नावाचा प्रोग्रॅम लिहिला आणि हे काम यंत्राकडे गेलं. ‘साइनऑफ’ असा एक शब्द यंत्राला पाठवला की नाव निघालं, कुणाचं मन न मोडता. शिवाय त्यात ‘नोमेल’ अशीही एक आज्ञा होती. म्हणजे मी यादीत आहे, सभासद आहे, फक्त तूर्त पत्रं पाठवू नका. गावाला जाताना दूधवाल्याला आपण सांगतो ना, चार दिवस दूध नको, तसं. संबंध तोडणं वेगळं आणि पत्र थांबवणं वेगळं, हा फरक त्यात आहे. काकूंच्या बाबतीत मी तो फरक केला नव्हता, पण ते पुढे सांगतो.

यंत्राला पाठवायचा ‘नको’ चुकून माणसांना गेला तर काय होतं, याचा किस्सा १४ ऑक्टोबर १९९७चा आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीतल्या एकाला दिसलं की आपलं नाव ‘बेडलम डीएल ३’ अशा कुठल्याशा यादीत आहे. मला यातून काढा, असं त्यानं लिहिलं, पण लिहिलं त्या यादीलाच. यादीत सुमारे १३००० जण होते. ते पत्र सगळ्यांना गेलं. मग शेकडो लोकांनी लिहिलं, मलाही काढा. बाकीच्यांनी लिहिलं, अरे बाबांनो, सगळ्यांना उत्तरं देऊ नका. तीही सगळ्यांनाच गेली. दीड कोटी पत्रं फिरली असा कंपनीतल्याच एकाचा अंदाज आहे. बेडलम म्हणजे इंग्रजीत वेड्यांचा गोंधळ, नाव अगदी साजेसं.

पुढच्याच वर्षी, १९९८ साली, इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्यांनी पत्राच्या माथ्यावर, वाचणाऱ्याला न दिसणाऱ्या भागात, ‘लिस्ट-अनसबस्क्राइब’ अशी एक ओळ ठेवायची पद्धत घालून दिली. या यादीतून बाहेर पडायचा दरवाजा कुठे आहे हे त्या ओळीत लिहिलेलं असतं आणि ते आपला संगणक वाचू शकतो. मग कायदे आले. अमेरिकेचा ‘कॅन-स्पॅम’ कायदा १६ डिसेंबर २००३ रोजी झाला आणि १ जानेवारी २००४पासून लागू झाला. जाहिरातीच्या प्रत्येक ई-मेलमध्ये बाहेर पडायची सोय हवी, पाठवणाऱ्याचा टपालाचा खरा पत्ता हवा, आणि नकार मिळाल्यावर कामाच्या दहा दिवसांत तो पाळला पाहिजे. २००८ साली नियम आणखी घट्ट झाले. नको म्हणणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नाहीत आणि ई-मेलचा पत्ता सोडून त्याला दुसरी माहिती विचारायची नाही. मात्र हा कायदा ‘ऑप्ट आउट’चा, म्हणजे पहिलं पत्र न विचारता टाकता येतं आणि तुम्ही नको म्हणेपर्यंत पुढचीही. युरोपनं २००२ सालच्या निर्देशात बहुतेक ठिकाणी उलटी वाट धरली, ‘ऑप्ट इन’ची. आधी हो म्हणा, मग पत्र. न विचारता ताटात वाढणारं घर आणि विचारून वाढणारं घर, असा हा फरक आहे. मी दोन्ही घरांत जेवलो आहे. दुसऱ्या घरात कधी कधी उपाशीही राहावं लागतं, हे खरं.

अमेरिकेच्या त्या कायद्यात आणखी एक विचार होता. ज्यांना जाहिरातीची ई-मेल नको अशा साऱ्या नागरिकांची एक राष्ट्रीय यादी करावी का? फोनसाठी तशी यादी २००३ साली झालीच होती. जून २००४मध्ये तिथल्या व्यापार आयोगानं संसदेला कळवलं की ई-मेलसाठी नको. कारण कायदा न पाळणाऱ्यांच्या हाती ती यादी पडली तर लाखो चालू पत्त्यांचं आयतं घबाड मिळेल. नको म्हणणाऱ्यांची नावं जपायची ती अशी लपवूनही, हे मला त्यावरून कळलं.

हे सगळं वाचून मी आमचं सॉफ्टवेअर पुन्हा उघडलं, तेव्हा तीन वर्षं डोळ्यांसमोर असलेला एक भाग पहिल्यांदा नीट पाहिला. प्रत्येक सभासदाच्या नोंदीत संपर्काच्या आवडीनिवडीचा एक कप्पा आहे. त्यात खुणा करायच्या चौकटी आहेत. फोन करू नका, ई-मेल करू नका, टपाल पाठवू नका, एसएमएस करू नका. पाचवी चौकट मला विशेष वाटली, माझी माहिती इतरांना देऊ नका. आणि या सगळ्यांपासून वेगळी एक आहे, ‘घाऊक ई-मेल नको’, आणि तिच्यापुढे कंसात नोंद की हे सभासदानं स्वतः निवडलेलं. म्हणजे नकार कशाला आहे एवढंच नव्हे, तो कुणाचा आहे हेही यंत्र लिहून ठेवतं. कार्यालयातल्या कुणी खूण केली असेल तर ती बदलता येईल, पण माणसानं स्वतः नाही म्हटलं असेल तर तुम्ही परस्पर त्याला पुन्हा यादीत ओढू नका, अशी ती सूचना.

पत्राच्या तळाशी दोन वेगळे दुवे ठेवता येतात. ‘अनसबस्क्राइब’ म्हणजे हे पत्र ज्या गटाला गेलं त्या गटापुरता नकार. पुस्तकांची यादी नको, पण बालवाचकांच्या कार्यक्रमाचं निमंत्रण चालेल. ‘ऑप्ट आउट’ म्हणजे या संस्थेचं एकही घाऊक पत्र नको. या दोहोंपैकी एका तरी दुव्याशिवाय आणि संस्थेच्या टपाली पत्त्याशिवाय हे सॉफ्टवेअर घाऊक पत्र सहसा पुढे जाऊ देत नाही. मला सुरुवातीला तो त्याचा आडमुठेपणा वाटे. आणि गटातून बाहेर पडलेल्या माणसाचं नाव गटाच्या नोंदीतून जात नाही. तिथे ‘काढलेला’ अशी अवस्था तारखेसकट राहते. उद्या कुणी त्याच गटाला पत्र पाठवलं तर ते त्याला वगळून जातं. ग्रंथपालांची तांबडी रेघच ती. आमच्या जुन्या वहीला जे ठाऊक होतं ते मी संगणकाच्या नादात विसरलो होतो.

वर्गणीची पावती किंवा मुदत संपल्याची आठवण मात्र घाऊक पत्रांत मोडत नाही, त्यामुळे ‘घाऊक नको’ म्हटलेल्यालाही ती जाऊ शकते. यावरून आमच्याकडे एकदा एका सभासदानं वाद घातला आणि त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. एखादा पत्ता वारंवार परत येऊ लागला, पेटी भरलेली किंवा बंद पडलेली, तर सॉफ्टवेअर तो पत्ता थोपवून ठेवतं. इथे माणसानं नको म्हटलेलं नसतं, पत्ताच ‘नाही’ म्हणत असतो. हे दोन वेगळे शब्द आहेत आणि यंत्र ते वेगळेच ठेवतं. मराठी न शिकता त्याला हे समजलं याचं मला कौतुक वाटतं. एक उणीवही सांगतो. नकार माणसाच्या नोंदीवर लिहिला जातो, पत्त्यावर नाही. एकाच पत्त्यावर नवरा-बायको दोघं सभासद असतील आणि बायकोनं नको म्हटलं, तर नवऱ्याच्या नावानं पत्र त्याच पेटीत येऊन पडतं. आपल्याकडे एका ई-मेलवर सारं घर चालतं, हे ध्यानात ठेवून काम करावं लागतं.

गुरुजींसाठी तर नको-होचा प्रश्नच नव्हता. त्यांच्या नोंदीत ‘मृत’ अशी एक खूण आणि तारीख भरायची होती. ती केली की सभासदत्वाची अवस्था बदलते, पत्रं थांबतात, आणि नोंद जागेवर राहिल्यामुळे जुनी यादी पुन्हा भरली तरी दुसरे गुरुजी उभे राहत नाहीत.

नकार चुकीचा नोंदला जाण्याचीही एक गंमत आहे. अलीकडे ई-मेलमधल्या दुव्यांत काही घातक नाही ना, हे बघायला सुरक्षेची सॉफ्टवेअर ते दुवे आपणच उघडून पाहतात. त्यात ‘अनसबस्क्राइब’चा दुवाही उघडला जातो आणि माणसाला पत्ता नसताना त्याचा नकार नोंदला जातो. म्हणून बऱ्याच ठिकाणी दुवा दाबल्यावर एक पान उघडतं आणि नक्की ना, असं विचारतं. २०१७ साली नियम करणाऱ्यांनी यातून मार्ग काढला. नुसता दुवा उघडणं वेगळं आणि खरोखर नकार कळवणं वेगळं, अशी तांत्रिक खूण ठरली आणि एका टिचकीत बाहेर पडायची सोय झाली. २०२४पासून गूगल आणि याहू यांनी घाऊक जाहिराती पाठवणाऱ्यांना ती सक्तीची केली. जीमेलच्या पेट्यांत दिवसाला ५०००हून जास्त पत्रं टाकणारे त्यात येतात, आणि नकार दोन दिवसांत पाळायचा.

‘नक्की ना’ विचारण्यालाही मर्यादा आहे. ऑगस्ट २०१६मध्ये ब्रिटनच्या फ्लायबी या विमान कंपनीनं ३३ लाखांवर ई-मेल पाठवल्या. तुमची माहिती बरोबर आहे का, आवडीनिवडी बदलायच्या आहेत का, असं त्यात विचारलं होतं. पण ज्यांना विचारलं त्यांनी जाहिरातीची पत्रं नको असं आधीच कळवलं होतं. मार्च २०१७मध्ये तिथल्या माहिती आयुक्तांनी कंपनीला ७०००० पौंड दंड केला. नको म्हणणाऱ्याला ‘अजून नकोच का?’ असं विचारायला पाठवलेलं पत्र हेही पत्रच आहे. पंगतीत चौथ्यांदा जिलबी घेऊन येणाऱ्याला हा निकाल वाचून दाखवावा असं मला फार वाटतं.

आपल्याकडे ही लढाई आधी फोनवर झाली. दूरसंचार नियामक प्राधिकरणानं २००७ साली ‘डू नॉट कॉल’ची नोंदवही सुरू केली. २०११मध्ये तिच्या जागी ग्राहकांच्या पसंतीची नोंदवही आली. तेव्हा १९०९ या क्रमांकावर कळवून सगळंच बंद करता येई, किंवा बँक-विमा, घरबांधणी, शिक्षण, आरोग्य अशा सात प्रकारांतून हवं ते चालू ठेवता येई. इथेही सरसकट नकारावरून निवडक नकाराकडे गाडी आली. २०२३ सालच्या व्यक्तिगत माहितीच्या कायद्यात तर संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणं सोपं असावं, असं लिहिलेलं आहे.

काकूंकडे मी त्याच जानेवारीत गेलो. चूक कशी झाली ते सांगितलं. एक्सेल, यादी, कचऱ्याचा डबा हे सगळं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, ‘ते असू दे. पण मागच्या वर्षीपासून नव्या पुस्तकांची यादी का येत नव्हती रे? मी वाट बघत होते.’

मी गप्प बसलो. वीस वर्षं वाचनालयाचं कार्ड गुरुजींच्या नावावर होतं, पिशवी घेऊन येत तेही गुरुजीच. पुस्तकं वाचायच्या काकू. शुभेच्छा नकोत म्हटल्यावर मी सगळा माणूस पुसला होता आणि त्याच्याबरोबर त्याच पत्त्यावरची वाचकही. आमच्याकडे गुरुजींना कळवण्यासारखं काय काय होतं आणि त्यातलं काय नको, हे मी त्यांना विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या काठी टेकत वाचनालयात आल्या. मी त्यांच्या स्वतःच्या नावानं नवी नोंद उघडली. नव्या पुस्तकांची यादी हवी. एसएमएस नको, डोळ्यांना दिसत नाही. फोन चालेल, पण दुपारी दोन ते चार नाही. ते मी शेऱ्यात लिहिलं. व्याख्यानमालेचं निमंत्रण टपालानं. मग जन्मतारखेशी आलो आणि विचारलं.

‘तो रकाना मोकळा ठेव,’ काकू म्हणाल्या, आणि नव्या पुस्तकांच्या कपाटाकडे वळल्या.